खूण सात, खूण आठ

ऑफिसात तिला सगळे शिंपीण म्हणत आणि तिला त्याचा राग नव्हता. राग यायचा तो "तुमचं बरं आहे, दिवसभर फोटो बघायचे" असं कुणी म्हटलं की. फोटो बघायला पगार कोण देतं? ती फोटो शिवायची. ड्रोन जमिनीवरून इस्त्री फिरवावी तसा इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरायचा आणि एका फेरीत हजार-बाराशे फोटो घेऊन यायचा. प्रत्येक फोटोतला बराचसा भाग शेजारच्या फोटोतही असायचा. एकच दगड दहा फोटोंत दहा बाजूंनी दिसला की तो नेमका कुठे आणि किती उंचीवर आहे हे गणितानं काढता येतं. असे कोट्यवधी ठिपके मांडून संगणक पडद्यावर अख्खा डोंगर उभा करायचा. "सगळं संगणकच करतो," असं मालक गिऱ्हाइकांना सांगत. तो काय करतो ते शिंपिणीला विचारावं. डबक्याच्या जागी विहीर खणून ठेवतो, वाऱ्यानं हललेल्या झाडाला तीन शेंडे काढतो, चालता ट्रक अर्धा कापून टाकतो. ते उसवायचं, परत जोडायचं, ठिगळं लावायची आणि वर कुठे सुरकुती दिसू द्यायची नाही.

घरी ती आणि आई. आईनं चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवून लेकीला शिकवलं आणि त्यात स्वतःचे डोळे घालवले. आता ती खिडकीशी बसून रस्त्यावरचे आवाज ऐकायची आणि लेक घरात आली की विचारायची, "आज काय शिवलंस?"

"डोंगर."

"अस्तर लावलंस का?" असं विचारून आई स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायची. रोज तोच विनोद, रोज तेच हसणं.

शिंपीण त्रेचाळीस वर्षांची होती. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याची तीन-चार कारणं नातेवाइकांकडे तयार होती, ती त्यांनाच विचारलेली बरी. तिचं तिला विशेष काही वाटत नव्हतं. पूर्वी ती एका कचेरीत कागदावर शाईनं नकाशे काढायची. एक रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची. ते काम बुडालं तेव्हा ती सहा महिने घरी बसली, मग हे नवं शिकली, आणि शिकली ती अशी शिकली की मालकांना तिच्या रजेच्या दिवशी घाम फुटायचा. तिच्या अहवालातली चूक दाखवा आणि बक्षीस घ्या, असं ती म्हणायची. तिच्यात गर्व होता, हे सांगितलंच पाहिजे. कामात हुशार असलेल्या माणसात असतो तसला, जरा मोठ्या आवाजाचा.

ऑफिसात तिचं सगळ्यात जास्त पटायचं ते रंगारीकाकांशी. काका एकसष्ट वर्षांचे. तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. गावातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची. मग छापील पाट्या आल्या आणि काकांच्या हातातला ब्रश कुणाला नको झाला. मालकांनी त्यांना ठेवलं ते जमिनीवर फुल्या रंगवायला. कारण नुसत्या फोटोंतून उभा केलेला डोंगर हवेत तरंगत असतो. तो जमिनीला बांधायला जमिनीवर पक्क्या खुणा लागतात: फूटभर रुंदीचा सिमेंटचा ठोकळा, जमिनीत पुरलेला, त्यावर काळ्या-पांढऱ्या रंगातली फुली. फुलीच्या मध्यावर यंत्राची काठी उभी धरायची आणि उपग्रहांकडून तिची जागा मोजून घ्यायची. मग शिंपीण ती फुली प्रत्येक फोटोत शोधून तिच्या बरोबर मध्यावर टिचकी मारणार. काका फुल्या रंगवता रंगवता काठी धरायलाही शिकले. त्यांचा उजवा हात थरथरायचा. कपातला चहा बशीत जायचा. पण त्या हातात ब्रश दिला की थरथर थांबायची, आणि काठी तर दोन पायांच्या घोडीवर उभी राहायची, तिला हाताची गरजच नव्हती. तरीही काकांच्या हाताची चेष्टा ऑफिसात रोजची. काकाही हसायचे.

त्यांचं सर्वांत मोठं काम होतं खाणीचं. खाणीतून निघालेली टाकाऊ माती आणि दगड एका जागी टाकत टाकत तिथे खरोखरीचा डोंगर झाला होता, तीस मजली इमारतीएवढा. दर महिन्याला किती माती पडली त्याचं माप खाणवाल्यांना हवं असायचं, म्हणून दर महिन्याला ड्रोन उडायचा. डोंगरावर आणि भोवती मिळून दहा खुणा होत्या. पहिल्याच दिवशी मोठी यंत्रं आणून त्या मोजल्या होत्या, आणि ती यादी शिंपिणीच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेली होती. नकाशा बांधायचा तो याच यादीवर. काका दर महिन्याला सगळ्या खुणा परत मोजून आणायचे ते केवळ पडताळा म्हणून. ऑफिसचा नियम असा होता की, काकांचं माप यादीपेक्षा पाच सेंटीमीटरहून जास्त वेगळं आलं तर ते माप सदोष समजायचं आणि ती खूण वगळून पुढे जायचं. सिमेंटचा ठोकळा काय चालत जाणार आहे का, असा त्यामागचा विचार. नियम कुणी केला हे आता कुणालाच आठवत नव्हतं. शिंपिणीनंच केला असावा.

डोंगराच्या उतारात जागोजागी सपाट पायऱ्या ठेवलेल्या होत्या, त्यांतल्या मधल्या पायरीवर खूण सात आणि खूण आठ होत्या. त्यांच्या बरोबर खाली खाणीचा वजनकाटा होता, जिथे ट्रक तोलले जायचे, आणि काट्याला लागून पत्र्याची केबिन. त्या केबिनमध्ये काकांचा जावई कारकून होता. नोकरी काकांनीच शब्द टाकून लावून दिली होती. शांत मुलगा, पावत्या फाडायचा, आणि सासरे वर डोंगरावर दिसले की केबिनबाहेर येऊन हात करायचा.

एका महिन्यात काकांच्या कागदावर सात आणि आठचे आकडे यादीशी जुळेनात. दोन्ही खुणा अकरा सेंटीमीटर खाली. शिंपिणीनं फोन लावला आणि ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. अशी मजा एकटीनं कशी करायची?

"काका, सात आणि आठ पाताळात चालल्यात तुमच्या. काठी कुठे टेकवली होती, खड्ड्यात?"

"दोनदा मोजलंय पोरी. जेवून परत गेलो आणि परत मोजलं."

"मग दोन्ही वेळा हात थरथरला असेल!"

ऑफिसात हशा पिकला. पलीकडून काकाही हसले. "असेल बाई," ते म्हणाले.

शिंपिणीनं पडद्यावर सात आणि आठ यांच्यासमोरची टिक काढून टाकली. बाकीच्या आठ खुणांवर नकाशा छान बसला, सगळीकडे लालऐवजी हिरवं आलं, म्हणजे माप जुळलं, आणि अहवालाच्या तळाशी तिनं नेहमीचं वाक्य टाकलं: "खूण ७ व ८: जागेवरील माप सदोष असल्याने वगळले." असली वाक्यं ती टाईपसुद्धा करायची नाही, जुन्या अहवालातून उचलून चिकटवायची.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्या डोंगरावर रोज नवी माती पडायची. एका जागी चार मीटर भर, दुसऱ्या जागी दोन मीटर उकरलेलं. अशा ठिकाणी पोटातला डोंगर हातभर सरकला तरी नकाशात ते कळणार कसं? ते कळू शकलं असतं फक्त दोन जागी, जिथे जुन्या पायरीत पक्के ठोकळे पुरलेले होते. सात आणि आठ. डोंगराच्या त्या बाजूला बोलू शकणाऱ्या तेवढ्या दोनच गोष्टी होत्या आणि शिंपिणीनं दोघींना गप्प बसवलं. मुद्दाम नाही. पण बसवलं.

पुढच्या महिन्यात काकांचा कागद आला तो यादीशी तंतोतंत जुळणारा. सात शून्य, आठ शून्य. "बघा, बोललं की सुधारतात माणसं," ती म्हणाली आणि त्यांना फोनवर शाबासकीही दिली. पण मागच्या वेळची कटकट डोक्यात होती, म्हणून फोटोंत सात आणि आठवर टिचक्या मारायच्या भानगडीत ती पडली नाही. एकेक फुली चाळीस-चाळीस फोटोंत शोधायची म्हणजे मान मोडते. आठ खुणांवर काम भागत होतं.

त्यानंतर नवव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, डोंगराची ती बाजू खाली आली.

सात माणसं गेली. त्यात काट्यावरचा कारकूनही होता, पण पहिल्या दिवशी कुणी गेलं असं म्हणतच नव्हतं. सगळे बेपत्ता होते. खाली पसरलेल्या मातीत केबिन कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. काटा, रस्ता, कुंपण, काहीच जागेवर राहिलं नव्हतं. तेव्हा बचाव करणाऱ्यांनी मालकांना बोलावलं. ड्रोन उडवा आणि कुठे खणायचं ते सांगा. नव्या फुल्या रंगवायला कुणीतरी हवं होतं. रंगारीकाका गेले. जावई त्या मातीखाली आणि सासरा त्याच मातीच्या कडेनं पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन फिरत होता.

शिंपिणीनं दुसऱ्या दिवशी जन्मात केलं नव्हतं इतकं चांगलं काम केलं. सकाळी फोटो हातात आले, दुपारपर्यंत तिनं नवा डोंगर उभा केला आणि त्याच्या अंगावर जुना नकाशा ठेवला. कुंपणाचा एक वाकडा खांब, रस्त्याच्या डांबराचा एक तुकडा, पाण्याची निळी टाकी, अशा ओळखीच्या चार वस्तू तिनं मातीत शोधल्या आणि त्या कुठून कुठे वाहत गेल्या ते मोजलं. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे. जुन्या जागेपासून ब्याऐंशी मीटर. पाच मीटर खाली." त्यांनी तिथे खणलं आणि केबिन तिथेच मिळाली. आत कारकून होता. लोकांनी तिची पाठ थोपटली. तिला बरं वाटलं. माणूस मेलेला निघाला आणि तरी आपलं माप बरोबर आलं म्हणून तिला बरं वाटलं, आणि या गोष्टीची शरम तिला पुढे बरेच दिवस खात राहिली.

चौकशी बसली. आधी काही लक्षण दिसलं नव्हतं का, असा प्रश्न आला. खाणवाल्यांनी मालकांकडे बोट दाखवलं. मालकांचं धाबं दणाणलं, त्यांनी जुने अहवाल काढले आणि त्यात त्यांना ते वाक्य सापडलं. "जागेवरील माप सदोष." मालकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पत्र लिहिलं की सर्वेक्षणाची पद्धत निर्दोष होती, मात्र जागेवरच्या एका कंत्राटी कामगाराच्या मोजमापात वारंवार चुका होत असल्यामुळे संबंधित भागाची खात्रीलायक माहिती मिळू शकली नाही. खापर फोडायला डोकं हवं होतं, ते मिळालं. पेपरात काकांचं नाव आलं नाही, पण 'थरथरत्या हाताचा मोजणीदार' आला, आणि तो कोण ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

काका आपले ब्रश न्यायला आले तेव्हा शिंपीण एकटीच होती.

"सात माणसं, पोरी," ते म्हणाले. "हातानंच घात केला."

"असं नका म्हणू काका. कुणाच्याही हातून होतं."

तिनं हे मनापासून म्हटलं. म्हणजे मनातून ती त्यांना माफ करत होती. काकांनी तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं आणि ते ब्रश पिशवीत घालून निघून गेले.

चौकशीवाल्यांनी शेवटच्या तीन महिन्यांचे मूळ फोटो मागवले. ते पाठवण्याआधी एकदा नीट लावून ठेवावेत म्हणून शिंपिणीनं फाईल उघडली, आणि निव्वळ सवयीनं, काम अर्धवट दिसू नये म्हणून, सात आणि आठवर टिचक्या मारायला बसली. फुल्या स्वच्छ दिसत होत्या. काकांच्या हातच्या, कडा सुरीनं कापल्यासारख्या. चाळीस फोटो झाले, मग दुसरे चाळीस. बाकीच्या आठ खुणांवरून संगणकानं हिशोब केला आणि आकडा दाखवला. खूण सात, यादीपेक्षा एकतीस सेंटीमीटर खाली. खूण आठ, तीस.

तिला वाटलं टिचकी चुकली. परत मारल्या. एकतीसच. मग तिनं आधीचा महिना उघडला, जिथे काकांनी अकरा सांगितले होते. फोटोंनीही अकरा सांगितले. त्याच्याही आधीचा उघडला, तिथे चार होते, नियमात बसणारे. चार, अकरा, एकतीस. ठोकळे चालत होते. काकांनी अकरा सेंटीमीटर अगदी बरोबर मोजले होते, आणि तिनं त्यांना सगळ्यांसमोर हसण्यावारी नेलं होतं.

मालकांना तिनं सगळं दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं. "ताई, फोटो त्यांना देऊ. पण या खुणांवर टिचक्या मारून कशाला देताय? त्यांना काय कळायचं ते कळेल. काकांचं जे व्हायचं ते झालंय, त्या वयात त्यांना आता काय करायचंय?"

"त्यांचा जावई गेलाय, सर."

"म्हणूनच म्हणतो. आता कशाला उकरायचं?"

संध्याकाळी ती काकांच्या घरी गेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लेकीनं दार उघडलं. नवरा गेल्यापासून ती वडिलांकडेच होती. अठ्ठावीसची असेल, पण चालत होती म्हातारीसारखी, भिंतीला हात लावत. "बरं झालं आलात, ताई," ती म्हणाली. "बाबा जेवत नाहीत. मी सांगते त्यांना, अहो, हात थरथरला त्याला माणूस काय करणार? तुम्ही तरी समजवा." आणि ती पाणी आणायला आत गेली, मग बादली घेऊन खाली नळावर.

काका पलंगावर बसले होते. शिंपीण समोर स्टुलावर बसली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. "काका, तुमचे अकरा बरोबर होते. मी चुकले. तुमचा हात थरथरला नव्हता. उद्या मी हे सगळं चौकशीत सांगणार आहे." तिला वाटलं होतं काका रडतील, निदान शिव्या तरी देतील. त्यांनी पलंगावरची चादर हातानं सारखी केली. तेव्हा तिनं जे विचारायचं होतं ते विचारलं. "पण शेवटच्या वेळी फोटोंत एकतीस दिसतात. तुमच्या कागदावर शून्य कसे?"

काकांनी उशीखालून वही काढली. जागेवर आकडे टिपून घ्यायची, रंगाचे डाग पडलेली. पान उघडून दिली. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, सात: एकतीस. आठ: तीस. आणि प्रत्येकासमोर तीन छोट्या रेघा, तीनदा मोजल्याच्या.

"मोजले होते मी," काका म्हणाले. "काठी बदलून मोजले, घोडी हलवून मोजले. एकतीसच. मग वहीवरून कागदावर उतरवायला बसलो आणि मनात आलं, आता हिला एकतीस सांगितले की ही परत फोन मोठ्या आवाजात लावणार. म्हणणार, म्हातारा गेला कामातून. मग भिंतीवरच्या यादीचे आकडे मला पाठच होते. तेच लिहिले."

शिंपिणीनं त्या तीन रेघांवरून बोट फिरवलं.

"खाली केबिनबाहेर तो उभा होता," काका पुढे म्हणाले. "हात केला मला. मीही केला."

खालून नळाचा आवाज येत होता. काकांनी वही परत घेतली. "तू उद्या सांग तुझं काय ते. पण हे नको सांगूस. सगळे म्हणतात हात थरथरला. लेक पण तेच म्हणते आणि त्यावर माझ्यासोबत राहते, मला वाढते. हात थरथरला तर माफ करता येतं गं. आकडा हातात असून लिहिला नाही, हे तिला कळलं तर ती कुठे जाईल? तिला दुसरं आहे कोण?"

त्या दिवशी आईनं विचारलं, आज काय शिवलंस. शिंपीण आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. आईनं पुन्हा विचारलं नाही.

चौकशी एका सरकारी इमारतीतल्या लांबट खोलीत चालली होती. उकाडा असा की दार खुर्ची लावून उघडं ठेवलेलं. शिंपिणीनं अधिकाऱ्यासमोर सगळं मांडलं. सातवी आणि आठवी खूण आपण कशी वगळली, ते वाक्य आपण कसं चिकटवलं, अकरा सेंटीमीटर कसे खरे होते. अधिकारी कमी बोलणारा, पण नेमका होता. सगळं लिहून झाल्यावर त्यानं शेवटच्या महिन्याच्या अहवालातली मापांची टाईप केलेली यादी पुढे सरकवली.

"फोटोंत एकतीस. या यादीत शून्य. हे कसं?"

"काकांच्या कागदावरून ही यादी मी टाईप करते," ती म्हणाली. इथपर्यंत खरं होतं. "काकांनी एकतीसच दिले होते. परत अहवाल लाल दिसेल, म्हणून मी जुने आकडे टाकले."

अधिकाऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. "याचा अर्थ काय होतो, कळतंय तुम्हाला?"

"हो."

त्यानं जबाब वाचून दाखवला, तिनं सही केली. बाहेर येऊन ती बाकावर बसली. मनातून तिला हलकं वाटत होतं. हेच आपलं देणं होतं आणि ते आपण फेडलं, असं काहीसं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला काकांची लेक पर्स मांडीवर घेऊन बसलेली होती. वडिलांना एकटं कसं पाठवायचं म्हणून आली होती. तिच्या शेजारी बसलेले काका हाक येताच उठले. शिंपिणीकडे न बघता आत गेले. त्यांच्या हातात वही आहे हे तिला ते दारातून आत शिरताना दिसलं.

"तुमच्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलंय," आतून अधिकाऱ्याचा आवाज आला, "की तुम्ही एकतीस दिले होते आणि आकडे त्यांनी बदलले. बरोबर?"

पंखा फिरत होता.

"नाही, साहेब," काका म्हणाले. "ती खोटं बोलते. मला वाचवायला बोलते. एकतीस मोजले मी, आणि कागदावर शून्यही मीच लिहिले. ही वही बघा. हात चांगला होता माझा."

लेक ताठ बसली. तिनं आत पाहिलं, मग शिंपिणीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, नुसता प्रश्न होता, एखादा शब्द अनोळखी वाटावा तसा.

"एकतीस म्हणजे किती हो, ताई?"

शिंपिणीनं दोन्ही हात वर केले आणि तळवे समोरासमोर धरले, मध्ये अंतर ठेवून. आयुष्यभर मापं घेणारी बाई. अंतर बरोबर एकतीसच असणार.

लेक त्या दोन हातांमधल्या जागेकडे बघत राहिली.

"एवढं?" तिनं विचारलं.

"एवढं," शिंपीण म्हणाली.